पैसे मोजण्याआधी फाइलचं नाव वाचा

म्हैसूरला १२ ऑक्टोबर २०२४ रोजी सय्याजीराव रस्त्यावरून दसऱ्याची जंबू सवारी, म्हणजे हत्तींची मिरवणूक, निघाली. तिचा नातेवाइकांनी पाठवलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला आणि सोन्याच्या अंबारीची नक्षी पुसट दिसली, तर आधी फाइलचं नाव पाहा. ‘व्हीआयडी-२०२४१०१३-डब्ल्यूए०००७’ असं काही असेल, तर त्यातलं ‘डब्ल्यूए’ म्हणजे व्हॉट्सॲप. तारीखही चित्रणाची नाही, फाइल फोनवर आली त्या दिवसाची आहे. अशी फाइल वाटेत दाबली जाते, आणि गेलेला तपशील कुठलाही स्टुडिओ पैसे घेऊन परत आणू शकत नाही. चित्रण करणाऱ्याला मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते. खर्च फक्त डेटाचा.

जास्त पैसे वाया जातात ते जुन्या लग्नांच्या चित्रणावर. व्हीएचएस कॅसेटमध्ये जेमतेम २४० रेषांचा तपशील असतो, आपल्याकडच्या पॅल पद्धतीचं पूर्ण चित्र ५७६ ओळींचं. ती कॅसेट ‘फोर-के’मध्ये, म्हणजे २१६० ओळींत करून देतो म्हणून कुणी जादा दर सांगितला, तर सरळ नाही म्हणा. फाइल फुगेल, नवरीच्या शालूचा काठ काही स्पष्ट होणार नाही. दर कॅसेटमागे आहे की तासामागे, हे आधीच लिहून घ्या. तीन तासांच्या कॅसेटला फरक मोठा पडतो.

डीव्हीडी असेल तर ‘डिजिटायझेशन’चे पैसे देऊच नका, ती मुळात डिजिटलच आहे. आत ‘व्हीटीएस_०१_१.व्हीओबी’ अशा नावांच्या फाइली दिसतील. तो पूर्ण फोल्डर हार्डडिस्कवर उतरवला की काम झालं. स्टुडिओवाल्याने त्याची छोटी एमपी४ करून दिली, तरी मूळ फोल्डर टाकू नका. छोट्या फाइलवरून मूळ दर्जा परत मिळत नाही.

साठवणुकीचा हिशेबही मांडा. आयफोनवर नेहमीच्या ‘हाय एफिशिअन्सी’ सेटिंगमध्ये, सेकंदाला ३० फ्रेमने, १०८०पी चित्रणाला मिनिटाला सुमारे ६० एमबी लागतात आणि फोर-केला १७०. म्हणजे तासाला साडेतीन जीबी विरुद्ध दहा जीबी. गूगलची फुकटची १५ जीबी जागा फोर-केच्या दीड तासात संपते, आणि पुढे दरमहा भाडं सुरू होतं. मुंजीचे मुख्य विधी फोर-केत घ्या, पंगतीला १०८०पी पुरे.

स्टुडिओतून निघताना मूळ कॅसेट मोजून परत घ्या.