निर्धन पक्षकार आणि वकिलाचे कर्तव्य

कायद्यापुढे सर्व समान आहेत, हे आपल्या संविधानाचे तत्त्व आहे. परंतु वकिलाची फी देण्याची ज्याची ऐपत नाही, त्याला या समानतेचा लाभ कसा मिळावा? १९७९ साली हुसैनआरा खातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य देशाला उमगले. आरोप शाबीत होऊन जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहूनही अधिक काळ बिहारमधील कित्येक कच्चे कैदी तुरुंगात खितपत पडले होते.

हक्काची उभारणी

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क समाविष्ट करून मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर सोपविली. हुसैनआरा प्रकरणात न्यायालयाने हे साहाय्य अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग मानले. आरोपीने मागणी केली नाही, या सबबीवर ते नाकारता येणार नाही, असे १९८६ साली सुक दास प्रकरणात स्पष्ट झाले. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्यातील कलम १२ अन्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही.

वकिलांकडून अपेक्षा

प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलास शासकीय निधीतून मानधन मिळते. परंतु वकिलाचे कर्तव्य तेथेच संपत नाही. आपल्या आर्थिक मर्यादेत राहून निर्धन व पीडितांना विनामूल्य साहाय्य देणे हे समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, असे भारतीय विधिज्ञ परिषदेच्या आचारनियमांतील नियम ४६ सांगतो. या नियमाने वर्षाकाठी किती तास द्यावेत, हे ठरविलेले नाही; ते वकिलाच्या विवेकावर सोडले आहे.

म्हणूनच खरी कसोटी तासांची नसून तयारीची आहे. दोषारोपपत्र बारकाईने वाचणे, तुरुंगात जाऊन पक्षकाराची भेट घेणे, तारखेस वेळेवर हजर राहणे, यांत फी देणारा व न देणारा असा भेद होता कामा नये. निष्काळजीपणे चालविलेल्या मोफत खटल्याची किंमत पक्षकारालाच मोजावी लागते, कधी आपल्या आयुष्यातील वर्षे देऊन.

गरजू नागरिकांनीही संकोच न बाळगता तालुका अथवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयाशी संपर्क साधावा. हे साहाय्य म्हणजे उपकार नव्हे. तो त्यांचा हक्क आहे.