डिंपलला काय ठाऊक नव्हतं?

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

‘व्हेन डिंपल मेट रिशी’ एका रात्रीत संपवलीस, आणि आईने विचारल्यावर ‘टाइमपास होतं गं’ म्हणून मोकळी झालीस. आईपासून पुस्तक लपवायचं काही कारण नाही, आणि ते एवढ्यावर सोडायचंही नाही. पुन्हा वाच. या खेपेला एकाच गोष्टीवर लक्ष ठेव: कुठल्या पानावर कोणाला काय ठाऊक आहे.

संध्या मेनन यांची ही कादंबरी २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. डिंपल शाह शाळा संपवून स्टॅनफर्डला निघालेली. तिला अ‍ॅप बनवायचंय. तिच्या आईला मात्र लेकीच्या डोळ्यांतलं काजळ आणि भावी जावई यांचीच काळजी. रिशी पटेल एमआयटीला जाणार, पण त्याचे हात कॉमिक्स काढायला शिवशिवतात. दोन्ही घरच्यांनी परस्पर स्थळ हेरून ठेवलंय. रिशीला ते माहीत आहे, आणि डिंपललाही असणारच, असं तो धरून चालतो. तिला यातलं काहीच सांगितलेलं नसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उन्हाळी शिबिरात तो पहिल्याच भेटीत तिला ‘होणारी बायको’ म्हणून हाक मारतो, आणि ती हातातली कोल्ड कॉफी त्याच्या अंगावर भिरकावून पळ काढते.

कॉफी कोणालाही फेकता येते. मेनन यांची करामत त्याआधीच्या पानांत आहे. प्रकरणं आलटूनपालटून दोघांच्या नजरेतून येतात, त्यामुळे रिशी किती हौसेने निघालाय आणि डिंपल किती बेसावध आहे, हे दोन्ही फक्त वाचकाला दिसतं. कॉफी उडायच्या आधीच आपण ‘अरे, थांब!’ म्हणालेलो असतो.

युक्ती जुनीच. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्येही प्रेक्षकाला सगळं ठाऊक आणि पात्रांना अर्धंमुर्धं; ते नाटक आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आलं आणि मर्फीने कल्पना मोलिएरकडून उचलली होती. आजीला विचार, ती त्यातल्या फाल्गुनरावाची नक्कल करून दाखवील.

आता जेनी हानची ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर’ (२०१४) शेजारी ठेव. लारा जीनने मनात भरलेल्या मुलांना पत्रं लिहून ती टोपीच्या डब्यात ठेवली आहेत, आणि एके दिवशी ती ज्याच्या त्याच्या हाती पडतात. इथे गोष्ट लारा जीनच सांगते. म्हणून पत्रं टाकली कोणी, याबाबत वाचकही तिच्याइतकाच अंधारात. तिथे आपण डिंपलच्या गोष्टीसारखे वरून बघत हसत नाही. तिच्याबरोबर कानकोंडे होतो.

‘डिंपल’च्या उत्तरार्धाकडे मात्र बारकाईने बघ. रिशीची चित्रं डिंपल त्याला न विचारता त्याच्या आवडत्या कॉमिक्सकाराकडे पाठवून देते. पुन्हा एकाला ठाऊक, दुसऱ्याला नाही. पण रिशीचा गैरसमज भाबडा होता. डिंपल जाणूनबुजून लपवते. रिशीचं भलंच व्हावं, हा तिचा हेतू खरा, तरी तो चिडतो आणि ते बरोबरच आहे. पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं हीच, असं मावशीचं मत. त्यानंतरचं भांडण ओढूनताणून लांबवलेलं वाटतं, ही पानं तू बहुधा भरभर उलटली असशील.

याच कादंबरीवरची नेटफ्लिक्स मालिका ‘मिसमॅच्ड’ (२०२०) बघायची तर दुसऱ्या वाचनानंतर बघ. आपल्या ठाण्याची प्राजक्ता कोळी त्यात डिंपल झाली आहे, आणि झकास. पण डिंपल शाहची डिंपल आहुजा झाली, शिबिर जयपूरला आलं, आणि एक धागा निसटला. कॅलिफोर्नियात वाढलेल्या मुलीच्या आईला लेक आपल्यातून निघून जाईल ही धास्ती असते, आणि काजळाची कटकट त्या धास्तीतून येते. जयपुरात सगळेच आपले. तिथे ती कटकट नुसती कटकट वाटते. मालिका बघताना आईची दृश्यं कुठे हलकी झाली ते टिपून ठेव.

पुस्तक मैत्रिणीचं आहे म्हणालीस, तेव्हा समासात पेन्सिल चालवू नकोस. चिकटवायच्या चिठ्ठ्या आण: रिशीला ठाऊक असलेल्या गोष्टींना पिवळी, डिंपलला ठाऊक असलेल्यांना हिरवी. परत देण्याआधी चिठ्ठ्या लावलेल्या पानांचे फोटो मावशीला पाठव.

तुझी,
मावशी