विक्रांतचे लोखंड

भारतीय नौदलाच्या पहिल्या विमानवाहू जहाजाची ही कहाणी आहे. ते जहाज आज नाही. पण त्याचे नाव आणि त्याचे थोडे लोखंड आजही आपल्यात आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीच्या पुढे आणि चाकणच्या अलीकडे कुरुळी हे गाव आहे. गावाच्या आसपास कारखाने आहेत. समुद्र मात्र येथून फार दूर आहे. त्यामुळे येथील पुष्कळ मुलांनी जहाज फक्त चित्रातच पाहिलेले असते.

एके दिवशी शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल उभी होती. ती दाखवून मी मुलांना विचारले, "या गाडीत एका युद्धनौकेचे लोखंड आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का?"

मुले हसू लागली. एक जण म्हणाला, "सर, जहाज तर पाण्यात चालते. ते रस्त्यावर कसे येईल?"

मुलांनो, या प्रश्नाचे उत्तर जरा मोठे आहे. ते ऐका.

दुसरे महायुद्ध चालू असताना, 1943 साली, इंग्लंडमध्ये एक जहाज बांधायला घेतले. त्याचे नाव 'हर्क्युलिस' होते. सप्टेंबर 1945 मध्ये ते पाण्यात उतरले. पण तोपर्यंत युद्ध संपले होते. जहाजाची गरज उरली नाही. 1946 साली काम थांबले आणि ते अर्धवट जहाज अनेक वर्षे तसेच पडून राहिले.

1957 साली भारताने ते विकत घेतले. उरलेले काम बेलफास्ट शहरातील गोदीत पूर्ण झाले. प्रसिद्ध 'टायटॅनिक' जहाजही याच शहरात, याच कंपनीने बांधले होते. टायटॅनिक 1912 साली पहिल्याच प्रवासात बुडाले. हे जहाज मात्र पुढे 36 वर्षे देशाच्या सेवेत राहिले. 4 मार्च 1961 रोजी ते नौदलात दाखल झाले आणि त्याचे नाव 'विक्रांत' ठेवले गेले. विक्रांत म्हणजे पराक्रमी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मुंबईला आले, तेव्हा पंतप्रधान पंडित नेहरू स्वागताला हजर होते.

विक्रांतची लांबी सुमारे 213 मीटर होती. विमानाला उडण्यासाठी लांब धावपट्टी लागते. एवढ्याशा जागेत विमान उडणार कसे? त्यासाठी जहाजावर वाफेच्या जोरावर चालणारे एक यंत्र होते. गोफणीतून दगड सुटावा, तसे ते विमानाला पुढे फेकत असे. उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर ताणलेल्या पोलादी दोरात अडके आणि विमान थोड्याच अंतरात थांबे. क्षणभर चूक झाली, तरी विमान समुद्रात पडण्याची भीती असे.

1970 साली विक्रांतवर संकट आले. त्याच्या बॉयलरना तडे गेले. वाफ बॉयलरमध्ये तयार होते आणि वाफेवरच जहाज चालते. नवे भाग परदेशातून यायचे होते. जहाज कित्येक महिने मुंबईत उभे राहिले. युद्धाचे ढग जमू लागले होते. अशा वेळी नौदलाच्या अभियंत्यांनी व खलाशांनी धीर सोडला नाही. त्यांनी वाफेचा दाब कमी ठेवून बॉयलर पेटवले, पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या आणि जहाज चालते केले. त्याला पूर्ण वेग घेता येत नव्हता. पण ते निघाले.

डिसेंबर 1971 मध्ये युद्ध पेटले. विक्रांत बंगालच्या उपसागरात होते. 4 डिसेंबरला त्याच्यावरून 'सी हॉक' विमाने उडाली आणि त्यांनी कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले केले. शत्रूचा समुद्रमार्ग बंद झाला. 16 डिसेंबरला पूर्वेकडील युद्ध संपले आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. विक्रांतवरील वीरांना 2 महावीर चक्रे आणि 12 वीर चक्रे मिळाली.

31 जानेवारी 1997 रोजी विक्रांत निवृत्त झाले. पुढे काही वर्षे ते मुंबईत संग्रहालय म्हणून उभे होते. माणसे त्याच्या डेकवर फिरत, विमाने पाहत. पण खाऱ्या पाण्यात लोखंड सतत गंजते. त्याची दुरुस्ती सतत करावी लागते आणि तिला फार पैसा लागतो. 2012 साली संग्रहालय बंद झाले. जहाज मोडू नये म्हणून काही लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण उपयोग झाला नाही. 2014 साली मुंबईतील दारूखाना येथे ते तोडायला सुरुवात झाली.

मुलांनो, याच मुंबईत 1817 साली वाडिया कारागिरांनी सागवानी लाकडाची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली होती. ती आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर तरंगत आहे, कारण लोकांनी ती जपली. आपले विक्रांत मात्र आपल्याला जपता आले नाही, याचे वाईट वाटते.

विक्रांतच्या भंगारातील काही लोखंड आपल्या शेजारच्या आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीने विकत घेतले. ते वितळवून 2016 साली आलेल्या एका मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत वापरले. रस्त्याच्या कडेला उभी होती, ती तीच गाडी.

आणि विक्रांतचे नाव? 2 सप्टेंबर 2022 रोजी कोची येथे एक नवे विमानवाहू जहाज नौदलात दाखल झाले. त्याची लांबी 262 मीटर आहे. पहिले विक्रांत आपण विकत घेतले होते, हे भारतातच बांधले. त्याचेही नाव 'विक्रांत' आहे.

माझे सांगून झाले. मघाशी हसलेला मुलगा हळूच पुढे गेला. त्याने टाकीवरची धूळ आपल्या रुमालाने पुसली. मग म्हणाला, "सर, याला गंज लागू द्यायला नको."

शब्दार्थ
विमानवाहू – विमाने वाहून नेणारे
गोदी – जहाजे बांधण्याची व दुरुस्त करण्याची जागा
गोफण – दगड फेकण्याचे दोरीचे साधन
खलाशी – जहाजावर काम करणारा माणूस
भंगार – मोडक्या वस्तूंचे लोखंड

स्वाध्याय
प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विक्रांतचे पहिले नाव काय होते?
(आ) विक्रांत कोणत्या साली निवृत्त झाले?
प्र. 2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विक्रांतवर विमान कसे उतरत असे?
(आ) बॉयलरना तडे गेल्यावर अभियंत्यांनी काय केले?
प्र. 3. वाक्यात उपयोग करा : धीर न सोडणे, हजर असणे, जपणे.
प्र. 4. तुमच्या गावातील एखादी जुनी वस्तू किंवा इमारत जपण्यासाठी काय करता येईल? पाच ओळी लिहा.