नाताळचे इंग्रजी शब्द



आगमनकाळात मुले शाळेतून नाताळचे इंग्रजी शब्द पाठ करून येतात. स्पेलिंग बिनचूक, अर्थ विचारला की गप्प. हे शब्द घरी गोठा बांधतानाच शिकवावेत, असे आम्हांला वाटते.

'क्रिसमस' म्हणजे ख्रिस्ताचे मिस्साबलिदान, केक नंतर! आपला 'नाताळ' पोर्तुगीजांकडून आला, अर्थ जन्म. 'ॲडव्हेंट' म्हणजे आगमन.

'मेंजर' या शब्दापाशी मात्र थांबावे. तो 'खाणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे. लॅटिन मिस्सात भाकर पवित्र करताना 'खा' या अर्थी तेच क्रियापद येते. बाळ येशूला ठेवले ती गुरांची चारा खाण्याची जागा, म्हणजे आपली गव्हाण. नागपुरात फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांनी ती कुठून पाहावी? आजी-आजोबांनी पाहिली आहे. इंग्रजी येत नाही म्हणून ती संकोचाने बाजूला बसतात, पण अर्धा धडा त्यांच्याकडेच आहे.

संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो येथे गव्हाण, गवत, बैल व गाढव आणून हा प्रसंग उभा केला. यंदा गोठ्यातील प्रत्येक वस्तूला मुलांनी दोन चिठ्ठ्या लावाव्यात, एक इंग्रजी व एक मराठी. मराठी चिठ्ठी आजीला विचारून लिहावी.