गर्भावस्थेतील विषाणुसंसर्ग आणि नवजात बालक : रुबेलाचा धडा

वसतिगृहात राहून शिकलेल्यांना गोवर, कांजिण्या, गालगुंड ही नावे नवी नाहीत. एका मुलाच्या अंगावर पुरळ उठले की दोन-तीन आठवड्यांत शेजारच्या खाटांवरची मुलेही आजारी पडतात, आणि बहुतेक सारी बरी होऊन पुन्हा वर्गात बसतात. म्हणूनच अशा आजारांना आपल्या समाजात फारसे गांभीर्याने घेतले जात नाही. परंतु जो विषाणू शाळकरी मुलाला तीन दिवसांचा ताप देऊन निघून जातो, तोच गर्भवती स्त्रीच्या शरीरात शिरला तर तिच्या पोटातील बालकाचे संपूर्ण आयुष्य बदलून टाकू शकतो. या विषयाचा अभ्यास केवळ वैद्यांनी करावयाचा नसून तो प्रत्येक माता-पित्याने आणि प्रत्येक माजी विद्यार्थिनीने करावयाचा आहे, असे आम्हांस वाटते.

एका नेत्रवैद्याचे निरीक्षण

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग नावाचे नेत्रवैद्य होते. 1941 साली त्यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली अर्भके नेहमीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने येऊ लागली. मोतीबिंदू हा उतारवयाचा विकार. तो तान्ह्या बाळांच्या डोळ्यांत का यावा? ग्रेग यांनी मातांकडे बारकाईने चौकशी केली. अशा 78 बालकांपैकी 68 बालकांच्या मातांना गर्भारपणात, बहुधा पहिल्या काही महिन्यांतच, जर्मन गोवर म्हणजे रुबेला होऊन गेला होता. आदल्या वर्षी त्या देशात या आजाराची मोठी साथ येऊन गेली होती. अनेक बालकांच्या हृदयातही दोष आढळले. पुढे बहिरेपणाचाही उलगडा झाला.

तोपर्यंत जन्मजात व्यंग हे आनुवंशिक असते, अशीच बहुतेकांची समजूत होती. बाहेरून आलेला एखादा संसर्ग गर्भातील बालकाची घडण बिघडवू शकतो, हे ग्रेग यांच्या निरीक्षणाने प्रथमच ठळकपणे जगापुढे आले. आरंभी अनेकांनी शंका घेतली. पण पुढील अभ्यासांनी त्यांचे म्हणणे खरे ठरविले.

1962 साली रुबेलाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करण्यात आला. 1964-65 मध्ये अमेरिकेत आलेल्या साथीत सुमारे सव्वा कोटी लोकांना हा आजार झाला आणि सुमारे 20,000 बालके जन्मजात रुबेलाची व्यंगे घेऊन जन्मास आली. 1969 साली तेथे लस उपलब्ध झाली. सातत्याने लसीकरण केल्यामुळे 2015 मध्ये संपूर्ण अमेरिका खंडातून, उत्तर आणि दक्षिण दोन्ही भागांतून, रुबेलाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले.

हानी कशी होते?

रुबेलाचा विषाणू खोकल्या-शिंकण्यातून पसरतो. संसर्गानंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी बारीक ताप, कानामागे व मानेवर गाठी आणि चेहऱ्यावरून खाली उतरणारे फिकट पुरळ दिसते. अनेकांना तर काहीच लक्षण जाणवत नाही. म्हणजे आपणांस आजार होऊन गेला हे मातेला कळतही नाही. आणि पुरळ उठण्याच्या सुमारे आठवडाभर आधीपासून रुग्ण इतरांना संसर्ग देत असतो.

मातेच्या रक्तातील विषाणू वारेत शिरतो आणि तेथून गर्भापर्यंत पोहोचतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय व मेंदू आकार घेत असतात. विषाणू पेशींच्या वाढीस अडथळा आणतो, सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतो, आणि जो अवयव त्या वेळी घडत असतो त्याची घडण अपुरी राहते. म्हणूनच संसर्गाची वेळ निर्णायक ठरते. पहिल्या बारा आठवड्यांत मातेला रुबेला झाल्यास बालकावर परिणाम होण्याचा धोका नव्वद टक्क्यांपर्यंत असतो. वीस आठवड्यांनंतर तो फारच कमी होतो. मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष, लहान डोके, कमी वजन ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. काही वेळा गर्भपात होतो किंवा बालक मृत जन्मते. विशेष म्हणजे, असे बाळ वर्षभरापर्यंत आपल्या लाळेतून व मूत्रातून विषाणू बाहेर टाकू शकते. म्हणून इतर गर्भवती स्त्रियांनी त्याच्या निकट संपर्कात येणे टाळावे.

इतर विषाणू

रुबेला हा एकटाच नाही. प्रसूतीपूर्वीच्या पाच दिवसांपासून प्रसूतीनंतरच्या दोन दिवसांपर्यंत मातेच्या अंगावर कांजिण्या उठल्या, तर बाळाला मातेकडून प्रतिपिंडे मिळण्यास अवधी उरत नाही आणि त्याचा आजार गंभीर होऊ शकतो. सायटोमेगॅलो विषाणू लहान मुलांच्या लाळेतून व मूत्रातून पसरतो. त्यामुळे होणारा बहिरेपणा कधी कधी जन्मानंतर काही वर्षांनी प्रकट होतो. त्यावर अद्याप लस नाही. लहान मुलांचे लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुणे हाच सोपा उपाय. झिका डासांमुळे पसरतो आणि बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो. 2021 साली पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर गावी त्याचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण आढळला, तेव्हा तो आपल्यापासून दूर नाही हे स्पष्ट झाले.

हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही यांच्यामुळे सहसा जन्मजात व्यंग येत नाही. परंतु ते मातेकडून बालकाकडे जातात, विशेषतः प्रसूतीच्या वेळी. येथे विज्ञानाने मोठा दिलासा दिला आहे. हिपॅटायटिस बीची लस बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत दिल्यास त्याचे पुष्कळ संरक्षण होते. उपचार नसतील तर एचआयव्हीबाधित मातेकडून बालकास संसर्ग होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. योग्य औषधोपचाराने ती पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. त्यासाठी एकच अट आहे : गर्भारपणी वेळेवर रक्ततपासणी झाली पाहिजे.

दोष कोणाचा?

व्यंग घेऊन बालक जन्मले की आपल्या समाजात पहिली बोटे मातेकडे वळतात. तिने ग्रहण पाळले नाही, विळीने भाजी चिरली, कोणाची तरी नजर लागली, पूर्वजन्मीचे पाप फळास आले, असे नाना प्रकारचे बोल तिला ऐकावे लागतात. काही घरांत तर याच कारणावरून तिला माहेरी पाठविले जाते. आम्हांस येथे तथागतांच्या शिकवणीचे स्मरण करून द्यावेसे वाटते. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात, माणसाला जे सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळेच, या मताला भगवान बुद्धांनी स्पष्ट नकार दिला आहे. शरीराचे विकार, ऋतूतील बदल, बाहेरून झालेला आघात अशी अनेक कारणे त्यांनी तेथे सांगितली आहेत. प्रत्येक घटनेस कारण असते आणि कारण दूर केले की कार्यही थांबते, हा तर धम्माचा गाभाच आहे. ग्रेग यांनी तेच केले : दोष शोधण्याऐवजी कारण शोधले.

मातेची काळजी ही केवळ घरातील बाब नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकास पाठिंबा देताना ठासून सांगितले होते. प्रसूतीपूर्व काळात स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. ती आजही तितकीच खरी आहे.

आपण काय करावे?

महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली; ती प्रामुख्याने शाळाशाळांतून राबविली गेली. आता ही लस बालकांना नऊ महिन्यांनंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळते. परंतु 2003 पूर्वी जन्मलेल्या अनेक भगिनी त्या मोहिमेच्या वयोमर्यादेबाहेर होत्या. ज्या माजी विद्यार्थिनींचा विवाह व्हावयाचा आहे, किंवा ज्या मातृत्वाचा विचार करीत आहेत, त्यांनी आपल्या लसीकरणाची डॉक्टरांकडे आवर्जून चौकशी करावी. नोंद सापडत नसल्यास पुन्हा लस घेतल्याने अपाय होत नाही. मात्र ही लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूची असल्यामुळे गर्भारपणी ती देत नाहीत, आणि लस घेतल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. म्हणून तिची वेळ विवाहापूर्वीची किंवा गर्भधारणेपूर्वीची आहे.

मुलांनाही लस द्यावी. मुलग्याला गर्भ राहावयाचा नाही, मग त्याला रुबेलाची लस कशाला, असा प्रश्न काही पालक विचारतात. पण घरातील गर्भवती वहिनीला, काकूला किंवा शाळेतील बाईंना संसर्ग त्याच्याकडूनच होऊ शकतो. निवासी शाळेत एखाद्या विद्यार्थ्याच्या अंगावर पुरळ उठल्यास त्यास वेगळे ठेवावे, देवी आली म्हणून लपवू नये, आणि गर्भवती शिक्षिका वा स्वयंपाकघरातील भगिनी असल्यास त्यांना त्याच दिवशी कळवावे. पुरळ असलेल्या रुग्णाशी संपर्क आलेल्या गर्भवतीने वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

आणि एवढे करूनही एखादे बालक व्यंगासह जन्मले, तर त्याला लवकर उपचार मिळवून द्यावेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, श्रवणयंत्र, हृदयावरील उपचार यांचा लाभ जितक्या लवकर, तितका अधिक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडी व शाळांमधून मुलांची विनामूल्य तपासणी होते. तिचा लाभ घ्यावा. अशा बालकाच्या मातेला उपदेशाची नव्हे, सोबतीची गरज असते. रुग्णालयापर्यंत तिच्याबरोबर जाणारा एक माणूस आपल्या वस्तीतून निघाला, तर धम्मातील करुणा तेथे प्रत्यक्ष उतरली असे आम्ही समजू.

या स्मरणिकेचा हा अंक ज्यांच्या हाती पडेल, त्यांनी घरातील मुलींची आणि सुनांची लसीकरणाची नोंद एकदा काढून पाहावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.