पेडल घ्यायच्या आधी, धाकटे

धाकटे, तू पाठवलेली यादी रात्री निवांत वाचली. फझ, कोरस, ऑक्टेव्ह, एन्व्हलप फिल्टर, डिले, वर आणखी एक वा-वा. सगळं आहे गं त्यात, फक्त तुझा आवाज मिक्सरपर्यंत धड नेणारी वस्तू तेवढी नाही. म्हणून फोन न करता सविस्तर लिहितेय. पहिल्या पगारातून घेतेयस, तर पैसे सत्कारणी लागावेत असं मला मनापासून वाटतं.

आधी हे बघ, की तू वाजवणार कुठे. व्हिडिओत जे बेसवाले बघतेस, त्यांच्या पाठीमागे कपाटाएवढा ॲम्प उभा असतो. आपल्याकडे काय असतं? गंगापूर रोडवरचे लॉन्स, कॉलेजचं गॅदरिंग, गणपतीतला मंडळाचा ऑर्केस्ट्रा आणि नशीब जोरावर असलं तर कालिदास कलामंदिर. यातल्या बहुतेक ठिकाणी बेससाठी वेगळा ॲम्प नसतोच. साउंडवाले दादा एक केबल हातात देतात, "लावा ताई" म्हणतात, आणि तुझी गिटार थेट मिक्सरमध्ये जाते. मग आवाज पातळ येतो, कुरकुर येते, मॉनिटरमधून स्वतःलाच स्वतः ऐकू येत नाही, आणि आपण उगाच बोटांना दोष देत बसतो.

म्हणून पहिली खरेदी प्रीॲम्प-डीआयची कर. कारण समजून घे म्हणजे पटेल. साध्या, बॅटरी नसलेल्या बेसच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल फार नाजूक असतो. लॉन्सवर मिक्सर कुठे असतो, तर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, जेवणाच्या रांगेशेजारी. एवढ्या लांबच्या साध्या केबलमधून जाताना वरचे स्वर मरतात आणि वाटेत लायटिंगच्या वायरींचा गुंजारव आत शिरतो. डीआय तोच सिग्नल मिक्सरला मानवेल असा करतो आणि तीन पिनांच्या माइकच्या केबलमधून पाठवतो. त्या केबलमध्ये एकच सिग्नल सुलटा आणि उलटा असा दोन तारांतून जातो, त्यामुळे वाटेत दोन्हींत सारखाच शिरलेला कचरा पलीकडच्या टोकाला एकमेकांत कटून जातो. शिवाय प्रीॲम्प असला की बास, ट्रेबल तुझ्या पायाशी राहतं. साउंडवाल्या दादांचं लक्ष गायिकेच्या माइककडे असतं, ते काही तुझ्यासाठी नॉब फिरवत बसणार नाहीत.

टेक ट्वेंटीवनचा सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर हे यातलं गाजलेलं नाव. बेहरिंगरचा बीडीआय ट्वेंटीवन त्याच वळणाचा, प्लास्टिकच्या डबीतला आणि बराच स्वस्त. सुरुवातीला तो घेतलास तरी मी नावं ठेवणार नाही. एक मात्र लक्षात ठेव. सॅन्सॲम्पच्या जुन्या मॉडेलला मिडचा नॉब नव्हता आणि त्याचा आवाज मुळातच मधून खोलगट होता. घरी एकटीने वाजवताना तो आवाज झकास वाटतो. पण नाशिकमध्ये बेस वाजवायचा म्हणजे ढोलाशी गाठ आहे, धाकटे! स्टेजवर गाणं चालू असतं आणि नवरदेवाची वरात लॉन्सच्या दाराशी येते. नाशिक ढोल एकदा घुमायला लागला की खालची सगळी जागा तो व्यापतो. तेव्हा तू बासचा नॉब कितीही वर नेलास तरी गाळात दगड टाकल्यासारखं होतं. त्या वेळी वाचवतो तो मधला पट्टा, साधारण 400 ते 800 हर्ट्झचा. तो थोडा उचल, बास उलट जरासा कमी कर, आणि बघ तुझी ओळ वर तरंगून येते की नाही. म्हणून मिडचा नॉब असलेलाच प्रीॲम्प बघ. सॅन्सॲम्पच्या नव्या आवृत्तीत तो आला आहे.

डीआयवर ग्राउंड लिफ्टचं एक छोटं बटण असतं. जनरेटरवर कार्यक्रम असला आणि घुंऽऽऽ असा आवाज यायला लागला, की आधी ते दाबून बघायचं. आणि बॅगेत एक साधा टेस्टर ठेव. डीआय लावला म्हणून अर्थिंगचा दोष जात नाही. तारांना हात लावलेला असताना ओठ माइकला टेकले आणि झिणझिण्या आल्या, तर गाणं थांबवायचं, लाजायचं नाही. बोर्ड बदलून मिळेपर्यंत वाजवायचं नाही. यात माझं ऐकच.

दुसरी वस्तू ट्यूनर, पायाखालचा. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर तुझ्याकडे आहे, पण तो लाकडाची थरथर पकडतो. शेजारी ड्रम आणि ढोल चालू असताना त्याला तुझी जाड तार कुठली आणि बाहेरचा दणका कुठला हे कळत नाही. बॉसचा टीयू-थ्री किंवा तसला कुठलाही पेडल-ट्यूनर केबलमधून ऐकतो, आणि दाबला की बाहेरचा आवाज बंद करतो. दोन गाण्यांमध्ये निवेदक बोलत असताना तुला गुपचूप सूर लावता येतो. आपल्या थंडीत याची फार गरज पडते. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडला तर त्याहून खाली. ऊबदार खोलीतून गिटार काढून उघड्या लॉन्सवर आणलीस की तारा आकसतात आणि सूर चढतो. मग स्टेजचे दिवे तापले की उतरतो. पोचल्या पोचल्या सूर लावायची घाई करू नकोस. गिटार कव्हरमधून काढून थोडा वेळ स्टँडवर ठेव, मग लाव. ई तारेवर ट्यूनरचा काटा नाचायला लागला तर बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजव, लगेच स्थिर होतो.

एवढं झालं की तू कुठल्याही कार्यक्रमाला उभी राहू शकतेस. खरंच. मोटाउनच्या गाण्यांवर वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनचं नाव तू ऐकलं असशील. 1962 सालचा फेंडर प्रिसिजन, जुन्या गुळगुळीत तारा, उजव्या हाताची फक्त तर्जनी, आणि स्टुडिओत गिटार थेट रेकॉर्डिंगच्या टेबलाला जोडलेली. पायाशी काहीसुद्धा नाही. आपल्याकडे पंचमदांच्या गाण्यांमधले टोनी वाझ यांचे बेस हेडफोन लावून ऐक. चाल पुढे सरकते ती त्या ओळींवर, आणि तो सगळा बोटांचा हिशोब आहे.

यादीत तू कॉम्प्रेसर घातलेला नाहीस, पण दुकानदार तोच आधी पुढे करेल. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि त्यामुळे लहान-मोठे सूर एका पातळीवर आणतो. स्लॅप करताना अंगठ्याचा दणका अंगावर येत नाही, लांब धरलेला सूर टिकतो. उपयोगी आहेच. पण तू अजून शिकतेयस, आणि हा डबा बोटांतलं कमी-जास्त झाकतो. सहा महिने बोटांनीच पातळी सांभाळ, मग घे. आपल्या मुंबईची मोहिनी डे बघ. वडील सुजॉय डे स्वतः बेसवादक, त्यांच्या हाताखाली ती लहानपणापासून तयार झाली आणि पुढे रहमानच्या कार्यक्रमांत वाजवू लागली. तिचा प्रत्येक सूर किती सुटा, किती ठाशीव येतो ते ऐक. तो आधी हातात आहे. घेशील तेव्हा रेशो चारच्या आसपास ठेव, आणि अटॅक फार जलद ठेवू नकोस, नाहीतर तार छेडल्याचा पहिला टोकदार क्षणच गिळला जातो.

आता तुझ्या आवडीचं. फझ आणि ओव्हरड्राइव्हसाठी तू एवढी आतुर का आहेस ते मला कळतं, आणि त्याला एक पक्कं व्यावहारिक कारणही आहे. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झच्या आसपास असतो. आत्या-मावश्या जे मोबाइलवर शूट करतात, त्या मोबाइलच्या स्पीकरला तो सूर वाजवताच येत नाही. पण ओव्हरड्राइव्हने वरचे पूरक स्वर वाढले, की कान त्यांवरून खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो आणि बेस ऐकू आल्यासारखा वाटतो. म्हणजे थोडीशी खरखर ही नुसती हौस नाही. मात्र आपल्या दादाचं गिटारचं पेडल उसनं घेऊन बेसला लावू नकोस. ट्यूब स्क्रीमरसारखी पेडलं ज्या भागात आवाज फोडतात, तिथे साधारण 720 हर्ट्झच्या खालचं बरंचसं आधीच गाळतात. गिटारला ते शोभतं. बेसचा मात्र पायाच निघून जातो, आणि नेमक्या चढत्या जागी सगळा बँड पोकळ वाटायला लागतो. बेससाठी घ्यायचं तर स्वच्छ आवाज मिसळायचा नॉब त्यावर हवाच हवा, कुठे त्याला ब्लेंड म्हणतात, कुठे बॅलन्स. बॉसच्या ओडीबी-थ्रीवर तो आहे. आणि तू जो प्रीॲम्प-डीआय घेणार आहेस त्यात ड्राइव्ह आणि ब्लेंड दोन्ही बहुतेक असतीलच, तेव्हा वेगळं पेडल आत्ता घेऊच नकोस.

ऑक्टेव्ह मला स्वतःला फार आवडतो. आजकालच्या हळदीच्या नि संगीतच्या गाण्यांत सिंथवर वाजवलेला जाड बेस असतो, तो रंग ऑक्टेव्हने छान साधतो. बॉसचा ओसी-टू 1982 मध्ये आला आणि अजूनही लोक त्याच आवाजाच्या मागे असतात. पण तो एका वेळी एकच सूर ओळखतो. दोन तारा एकदम वाजल्या की बरळतो. आणि मोकळ्या ई च्या खालचं सप्तक म्हणजे जेमतेम 20 हर्ट्झ, ते लॉन्सवरच्या स्पीकरमधून निघत नाही, नुसते कोन हलतात. पाचव्या पडद्याच्या वर, मधल्या तारांवर वाजव. तिथे तो नेटका चालतो.

कोरस, फिल्टर, वा-वा, डिले यांच्याबद्दल फार लिहीत नाही. एखाद्या गाण्यात एखादी जागा सुंदर होते, बाकी संध्याकाळभर ते डबे पायाशी पडून राहतात. चाखून बघायचेच असतील तर झूमचा बी-वन फोरसारखा मल्टी-इफेक्ट घे. त्यात हे सगळं आहे, शिवाय ट्यूनर, रियाजाला ड्रमचे ठेके आणि लूपर. वर्षभरात कशावर पाय सारखा जातो ते कळेल आणि तेवढंच वेगळं घ्यायचं. त्याला माइकच्या केबलचं आउटपुट नाही, त्यामुळे डीआय तरीही लागेलच.

वीजपुरवठ्याचं मात्र कान देऊन ऐक. बहुतेक पेडलांना 9 व्होल्ट लागतात आणि पिनेचा मधला भाग ऋण असतो. आपल्या वायफाय राउटरचा ॲडाप्टर त्याच भोकात बेमालूम बसतो, पण तो बहुधा 12 व्होल्टचा आणि मधला भाग धन. लाइट गेल्यावर राउटरला लावतो ती छोटी बॅटरीची पेटीसुद्धा तशीच. बसला म्हणून लावलास तर पेडल जळू शकतं. ॲडाप्टरवरचं गोलाचं चिन्ह आणि मिलिॲम्पिअरचा आकडा वाचल्याशिवाय काही जोडायचं नाही. बॅटरीवर चालवत असशील तर कार्यक्रम संपताच इनपुटची केबल उपटून ठेव. ती आत असेपर्यंत पेडल चालूच असतं आणि बॅटरी उगाच संपत राहते.

जोडणीचा क्रम: गिटारमधून आधी ट्यूनर, मग ऑक्टेव्ह किंवा फिल्टर, त्यानंतर कॉम्प्रेसर, मग ड्राइव्ह, कोरस असला तर पुढे, आणि सगळ्यात शेवटी डीआय. फिल्टर कॉम्प्रेसरच्या आधी अशासाठी, की तो तुझ्या छेडण्याच्या जोरावर उघडतो. जोर आधीच सपाट केलास तर तो उघडणार कशावर?

आपल्याकडच्या दुकानांत गिटारची पेडलं मिळतात, बेसची निवड फारशी नसते. ऑनलाइन मागवण्याआधी एकदा हाताने वाजवून बघावं असं माझं मत आहे. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊ, सीएसएमटीहून धोबी तलाव पायी अंतरावर आहे. तिथलं फुर्ताडोज हे वाद्यांचं दुकान 1865 पासूनचं. स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन चल. सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करायची, बेसच्याच ॲम्पवर वाजवायचं, आणि तुला आवडणाऱ्या ओळीबरोबर तुला जमत नसलेली ओळही वाजवायची. पेडल बंद-चालू करताना खालचा आवाज जागेवर राहतो का तेवढं मी मागे उभी राहून ऐकते. येत्या शनिवारी मला सुटी आहे. जमणार असेल तर आज रात्रीच कळव, म्हणजे आरक्षण करून ठेवते.