तत्त्वज्ञान शिकून डोकं खरंच चालायला लागतं का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी कला शाखेत आहे. अकरावीला तिने तर्कशास्त्र घेतलं आणि ते तिला इतकं आवडलं, की बी.ए.ला तत्त्वज्ञानच घेणार म्हणते. तिचे सर सांगतात, या विषयाने मुलं चिकित्सक होतात. आमचे मेव्हणे म्हणतात, नुसती उलट उत्तरं द्यायला शिकतात. खरं काय? आणि चिकित्सक होत असतील तर नेमकी कशाने?
— एक पालक, सातारा

उत्तर : सरांचं बरंचसं खरं आहे आणि मेव्हण्यांचं पहिल्या वर्षापुरतं खरं आहे. पण आधी तुमच्या 'नेमकी कशाने' या प्रश्नाकडे वळतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

न्यायदर्शन, म्हणजे आपल्याकडचं तर्काचं शास्त्र, शिकायला बसणाऱ्याला सुरुवातीलाच भेटतो तो डोंगरावरचा धूर. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हे या शास्त्राचं प्रवेशाचं पुस्तक. यशवंत आठल्ये आणि महादेव बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली. अभ्यासकांना ती अजून लागते. त्यातलं अनुमान साधं आहे. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्यांनी ते मांडायचं. इथवर मुलं जांभया देतात.

मग शिक्षक वाक्य उलटं करतात. जिथे आग तिथे धूर. वर्ग मान डोलावतो, कारण ऐकायला तेही तितकंच बरोबर वाटतं. शिक्षक विचारतात, भट्टीतून काढलेल्या लालबुंद लोखंडाच्या गोळ्याचं काय? आग आहे, धूर नाही. परंपरेतलं हे ठरलेलं उदाहरण आहे आणि ते वर्गाला पहिला धक्का देतं : शंभर ठिकाणी जुळलेला नियम एका गोळ्याने मोडला. पण नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा अभ्यासक, तिथेही थांबत नाही. तो पुढे विचारतो, मग इतर वेळी आगीबरोबर धूर का दिसत होता? सरपण ओलं होतं म्हणून. म्हणजे धूर नुसत्या आगीचा नव्हताच, ओल्या सरपणाशी गाठ पडलेल्या आगीचा होता. अशा लपून काम करणाऱ्या अटीला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. ज्या विद्यार्थ्याला उपाधी शोधायची सवय लागली, त्याचं वर्तमानपत्र वाचणंही बदलतं.

चौकाचौकातले क्लासचे फलक घ्या. टॉपरांचे तीस फोटो, खाली यशाची टक्केवारी. आपण म्हणतो, या क्लासला गेलं की मुलं चमकतात. उपाधी शोधणारी मुलगी दोन गोष्टी विचारील : फोटो तीस, पण बसले किती होते? आणि प्रवेश देताना क्लासने दहावीचे गुण पाहूनच मुलं घेतली होती का? घेतली असतील, तर चमक क्लासची की मुळातल्या मुलांची, हे फलकावरून ठरतच नाही. क्लास वाईट आहे असं ती म्हणत नाही. फलकाने जे सिद्ध केल्याचा आव आणलाय ते सिद्ध झालेलं नाही, एवढंच ती म्हणते. या दोन विधानांतला फरक ज्याला कळला, त्याला चिकित्सा कळली असं मी समजतो.

आता हाच चिमटा सरांच्या विधानालाही लावू. तत्त्वज्ञान शिकलेली मुलं चांगला विचार करतात. पण मुळात विचार करणारीच मुलं हा विषय घेत असतील तर? तुमच्या मुलीचंच पाहा, विषय आधी आवडला आणि मग घ्यायचं ठरलं. ही उपाधी वगळून बघायचा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. मायकल प्रिंझिंग आणि मायकल वाझ्केझ या दोघांनी सहा लाखांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती तपासून २०२५ साली प्रसिद्ध केली. प्रवेशाच्या वेळचा फरक हिशेबात धरून वजा केला, तरी भाषिक आणि तार्किक क्षमतेच्या परीक्षांत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी पुढे राहिले. म्हणजे मुलं मुळात पुढे होती हेही खरं, आणि विषयाने त्यांना आणखी पुढे नेलं असं मानायलाही जागा आहे. प्रयोग करून चिठ्ठ्या टाकून मुलं वाटलेली नव्हती, त्यामुळे 'सिद्ध झालं' असं मात्र मी म्हणणार नाही.

शाळकरी मुलांचं चित्र इतकं गोड नाही. मॅथ्यू लिपमन या अमेरिकी प्राध्यापकाने मुलांना गोष्टींतून तत्त्वज्ञान शिकवण्याची पद्धत रुजवली. तिच्यावर इंग्लंडमध्ये ४८ शाळांत चाचणी झाली आणि २०१५ च्या अहवालात वाचन-गणितात सुमारे दोन महिन्यांची जादा प्रगती दिसली. पुढे याहून मोठी चाचणी घेतली, तर वाचनातला तो फायदा दिसेना. वर्गात बसून प्रश्न विचारल्याने गणिताचे गुण का वाढावेत, हे मला तसंही कधी उमगलेलं नाही.

चिकित्सा घडवणारी दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वपक्ष. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत स्वतःचं मत मांडण्याआधी विरोधकाचं मत मांडायचा दंडक आहे, तेही त्याच्या सगळ्या युक्तिवादांसह. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' सुरू होतो तोच वेद न मानणाऱ्या चार्वाकाच्या मतापासून, आणि माधवाचार्य स्वतः वेदान्ती. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ हाती नाहीत. त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते बहुतेक त्यांना खोडून काढणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. (सगळ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं असं नाही. पूर्वपक्ष मुद्दाम लेचापेचा रंगवून मग त्याला आडवा पाडायची हौस पंडितांनाही होतीच.)

याचं सर्वांत देखणं रूप पुण्यात दिसलं, १९८३ साली. तत्त्वज्ञ दयाकृष्ण आणि आपले मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने न्यायशास्त्राचे पारंपरिक पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसले. विषय होता ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलची विधानाविषयीची कल्पना, आणि ती पंडितांपुढे संस्कृतात ठेवली होती. रसेल घोकलेल्या प्राध्यापकाला नैयायिकाच्या शब्दांत रसेल मांडायला सांगा, म्हणजे त्याला स्वतःला रसेल किती कळलाय हे उघडं पडतं. या चर्चेचा 'संवाद' नावाचा ग्रंथ १९९१ साली निघाला.

आता मेव्हण्यांकडे येतो. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य शोधायला केलेला तो वाद, जिंकायला केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची पाडत सुटायचं ती वितंडा. तत्त्वज्ञान नव्याने शिकणारा प्रत्येक जण काही काळ वितंडेत रमतो. पाच हेत्वाभासांची, म्हणजे वरवर पटणाऱ्या पण सदोष कारणांची, नावं नुकतीच पाठ झालेली असतात, घरातल्या प्रत्येक वाक्यात त्याला एकेक सापडतो आणि जेवणाचं ताट थंड होतं. हे बहुधा निवळतं. निवळलं नाही, तर शिकवणाऱ्याने त्याला पूर्वपक्ष लिहायला लावलेला नसतो.

आणि आपल्याकडची खरी अडचण तीच आहे. 'हेत्वाभासाचे प्रकार स्पष्ट करा' या प्रश्नाचं उत्तर गाइडातून पाठ करून पंधरापैकी बारा गुण मिळवता येतात, एकही हेत्वाभास स्वतः न पकडता. अशा तत्त्वज्ञानाने चिकित्सक वृत्ती वाढते, असं मी कुणाला सांगणार नाही. पाठांतराचा इतिहास आणि पाठांतराचं तत्त्वज्ञान यांत मुलीच्या डोक्याच्या दृष्टीने काडीचा फरक नाही.

म्हणून विषयाची चौकशी कमी करा, विभागाची जास्त. प्रवेशाआधी मुलीला घेऊन कॉलेजात जा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोला. मूळ ग्रंथातली चार पानं तरी वर्गात ओळीने वाचतात का? लिहिलेला निबंध शिक्षक शेरे मारून परत देतात का, आणि तो पुन्हा लिहावा लागतो का? ज्या मताशी तुम्ही सहमत नाही त्याच्या बाजूने कधी लिहायला लावलं का? तिन्हींना 'हो' आलं, तर खुशाल प्रवेश घ्या. पुढे कायद्याकडे जायला वाट आहे, लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, नेट देऊन प्राध्यापकीही आहे, जागा मात्र मोजक्याच. तिन्हींना 'नाही' आलं, तर तिला आवडणारा दुसरा विषय चांगल्या शिक्षकाकडे शिकू द्या आणि 'तर्कसंग्रह' सुट्टीत घरी वाचायला द्या.